गॅस संपला नव्हता

गाडीचा एसी गार करेनासा झाला की नवी मुंबईतल्या बहुतेक गॅरेजांत पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘गॅस संपला असेल, भरून टाकू.’ या एका वाक्यापायी जुन्या गाडीवाल्यांचे पैसे दर उन्हाळ्यात पाण्यात जातात, आणि कधीकधी धडधाकट कॉम्प्रेसरही जातो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सुटला की एकदम गार पडतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये केबिनमधली उष्णता उचलून पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. रबरी होजमधून, शाफ्टच्या सीलमधून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो, तेवढं धरून चाला. पण गेल्या एप्रिलमध्ये भरलेला गॅस या एप्रिलमध्ये ‘संपला’ असेल, तर एक तर कुठेतरी गळती आहे, नाही तर दुखणं भलतंच आहे.

आमचं दुखणं भलतंच होतं. गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, एमएच-43 पासिंगची. नोंदणीचं नूतनीकरण करून, पर्यावरण कर भरून आम्ही ती ठेवली, कारण इंजिन अजून खणखणीत आहे. क्लायमेट कंट्रोल ऑटोमॅटिक, म्हणजे आकडा लावायचा आणि बाकीचं गाडीने बघायचं. सासूबाईंना उपचारांसाठी नेरुळहून ठाण्याला नेणं माझ्याकडे असतं. सकाळी जाताना गाडी छान गार. परतताना भर दुपारी ठाणे-बेलापूर रस्त्यावर, तुर्भ्याच्या ट्रकांच्या रांगेत, झरोक्यांतून कोमट वारा यायला लागायचा. समोर आकडा 22, एसीचा दिवा हिरवा, पंखा जोरात, आणि मागे सत्तरी ओलांडलेलं माणूस पदराने वारा घेतंय. तो 22 म्हणजे आपण केलेली मागणी असते, केबिनमधलं तापमान नव्हे, हे तेव्हा फार जाणवलं.

एका गॅरेजने गॅस भरला. फरक पडला नाही, उलट गाडी आणखी लवकर दम टाकू लागली. दुसऱ्याने आणखी थोडा भरला आणि वर सांगितलं, ‘कॉम्प्रेसर गेलाय, बदलावा लागेल.’ दोन्ही ठिकाणी कुणी विचारलं नाही की एसी नेमका कधी बंद पडतो. या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा, निम्मं निदान त्यातच असतं. सिग्नलला उभं राहिल्यावर कोमट आणि पाम बीच रोडला वेग घेतल्यावर पुन्हा गार होत असेल, तर कंडेन्सरपुढचा किंवा मागचा पंखा फिरत नाही, नाही तर कंडेन्सर मातीने बुजलाय. वेग घेऊनही काही फरक नाही, पण सावलीत अर्धा तास थांबल्यावर आपोआप सुरू, असं असेल तर तापल्यावर हात वर करणारा एखादा इलेक्ट्रिकल भाग शोधायला हवा. दिवसभर सारखंच अर्धवट गार असेल, तर मग गॅसचा विचार. आमची गाडी मधल्या प्रकारची होती.

शेवटी सानपाड्याच्या एका म्हाताऱ्या एसी मिस्त्रींकडे गेले. त्यांनी आधी गॅसला हातच लावला नाही. ‘ताई, गाडी चालू ठेवा, बंद पडेपर्यंत आपण बसू,’ म्हणाले. बॉनेट उघडून आम्ही दोघं उन्हात उभे. बऱ्याच वेळाने एसी गेला. त्यांनी कॉम्प्रेसरच्या क्लचच्या वायरवर मीटर लावला, व्होल्टेज पूर्ण येत होतं. पट्ट्यावरची पुली फिरत होती, पण तिच्यापुढची लोखंडी ताटली स्तब्ध. म्हणजे हुकूम पोचतोय, तामील होत नाही. मग त्यांनी लाकडी दांड्याच्या टोकाने त्या ताटलीला हलकेच ढकललं. खट्कन आवाज आला, ताटली पुलीला चिकटून फिरायला लागली आणि मिनिटभरात आत गार वारा. (हे आपण करायचं नाही. फिरत्या पट्ट्याजवळ ओढणी, पदर, बाही, काहीही जाता कामा नये.)

कारण साधं निघालं. पुली आणि ताटली यांच्यात अगदी बारीक फट असते, बऱ्याच कॉम्प्रेसरमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एसी लावला की मागची कॉइल चुंबक होते आणि ताटलीला ओढून घेते. वर्षानुवर्षं घासून ती फट वाढते. कॉइल थंड असताना तेवढी फट ओलांडून ओढू शकते. तापली की तिचा रोध वाढतो, प्रवाह घटतो, चुंबक कमजोर पडतो आणि ताटली सुटते. फीलर गेज घातला तर आमच्याकडे 0.8 मिलिमीटर. आतली एक पातळ वॉशर, ज्याला ते शिम म्हणतात, काढली आणि फट जागेवर आली. ज्या कॉम्प्रेसरला मोडीत काढायचा सल्ला मिळाला होता, तो आजही चालतोय.

पण त्याआधी त्यांनी जुना गॅस मशीनने बाहेर काढून तोलला. बॉनेटखालच्या स्टिकरवर 450 ग्रॅम छापलंय, आत निघाला 600 च्या वर. जास्तीच्या गॅसमुळे दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर आणि त्याच्या क्लचवर ओझं वाढतं, म्हणून आमची गाडी भरल्यावर आणखी लवकर दमत होती. हे लोकांना पटत नाही, कारण गेज लावून प्रेशर बघितलं म्हणजे गॅस मोजला असं वाटतं. गाडी बंद असताना आर-134ए चा, म्हणजे एसीतल्या या गॅसचा, दाब फक्त तापमानावर ठरतो. 30 अंशांना तो साधारण 97 पीएसआय असतो, आत द्रव 200 ग्रॅम असो की 500. दाबाने गळती आणि बिघाड ओळखता येतो, वजन नाही. म्हणून गॅस काट्यावर तोलूनच भरायचा आणि किती ग्रॅम भरला ते बिलावर लिहून घ्यायचं. मिस्त्रीला राग आला तर येऊ दे.

गळतीची शंका असेल तर भरण्याआधी ती शोधली पाहिजे. जोडांवर तेलकट, काळपट डाग दिसतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. दुरुस्तीनंतर निदान अर्धा तास व्हॅक्यूम ओढायलाच हवा. आपल्याकडच्या दमट हवेतला ओलावा आत राहिला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी त्याचा बर्फ धरतो आणि तेल खराब होतं. गळती बुजवणारं रसायन असलेले डबे कुणी सुचवले तर सरळ नको म्हणा, ते व्हॉल्व्हही बुजवतं. आणि गॅस हवेत सोडू देऊ नका. आर-134ए कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो.

खाडीकाठच्या गाड्यांचा कंडेन्सर लवकर कुजतो, हेही वाशी, नेरुळ, बेलापूरवाल्यांनी गृहीत धरावं. खारी हवा आणि पावसाळ्यातला चिखल ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांत बसतो. साध्या पाइपच्या मंद धारेने तो धुवा. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पाती आडवी होतात आणि हवा जायची वाटच बंद होते.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांत आणखी एक गोंधळ असतो, त्यात तर गॅसचा संबंधच नसतो. बॉनेट उघडून कॉम्प्रेसरकडे परतणारा जाड पाइप बघा. तो गार आणि घामेजलेला आहे, तरी आत गरम वारा येतोय? मग एसी यंत्रणा काम करतेय आणि डॅशबोर्डमधली गरम-गार हवा मिसळणारी झडप अडकलीय. तिच्या छोट्या मोटरचे प्लॅस्टिकचे दाते झिजले की डॅशबोर्डमागून टिकटिक ऐकू येते. बॅटरी बदलल्यावर काही गाड्यांत या मोटरा आपली जागा विसरतात, त्या पुन्हा शिकवाव्या लागतात. मॅन्युअलमध्ये पद्धत दिलेली असते. स्टीअरिंगजवळ नखाएवढी जाळी दिसते, तिच्यामागे केबिनचं तापमान मोजणारा सेन्सर आहे, तिथली धूळ मऊ ब्रशने काढा. डॅशबोर्डवर काचेजवळचा काळा ठिपका उन्हाचा सेन्सर असतो. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत नेमका त्यावर गणपती बसवलेला होता, मखमली आसनासकट. गाडीला ऊन कळेना, म्हणून भर दुपारी ती गार करायला हात आखडत होती. बाप्पा चार बोटं बाजूला सरकवले आणि फरक पडला.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर ब्लोअरमध्ये घर करतात, वायरी कुरतडतात, आणि काचेखालच्या खाचेत गुलमोहराची पानं साचून पाण्याची वाट अडते. डावीकडच्या पायांशी पाणी आलं तर कूलिंग कॉइलची निचऱ्याची नळी बघा. डॅशबोर्ड खोलायला सगळ्यात शेवटी परवानगी द्या. एकदा खोललेला जुना डॅशबोर्ड पूर्वीसारखा बसत नाही, त्याचे क्लिप ठिसूळ झालेले असतात.

उन्हाळा कसाबसा काढता येतो, म्हणून पुष्कळ जण दुरुस्ती पुढे ढकलतात. माझं म्हणणं आहे की मेमध्येच उरकून घ्या. आपल्याकडे एसीची खरी गरज जून ते सप्टेंबर असते. सायन-पनवेल मार्गावर धो धो पावसात काच आतून धुरकटते आणि पुढचा कंटेनर दिसेनासा होतो, तेव्हा हवा कोरडी करणारा एसीच काच साफ ठेवतो. त्या वेळी हवेचं बटण बाहेरची हवा घेण्यावर ठेवा, आतली फिरवण्यावर नको. आणि थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे तेल फिरतं आणि कॉम्प्रेसरचं सील सुकत नाही.