कोनफळ-कणगरावरील विषाणूंची ओळख

वेंगुर्ले परिसरात पावसाळ्याच्या तोंडाशी घरामागील परड्यांतून कोनफळ, कणगर व करांदा यांची लागवड केली जाते. भाताइतके क्षेत्र या पिकांना लाभलेले नाही. तथापि कोकणी कुटुंबाच्या आहारात त्यांचे स्थान जुने आहे. ही पिके मुख्यतः कंदांपासून वाढवितात. त्यामुळे एका वर्षी वेलात शिरलेला विषाणू बेण्याबरोबर पुढील वर्षाच्या पिकात उतरतो. लागण झालेला वेल शेतात औषध फवारून बरा होत नाही. म्हणून रोगाची वेळीच ओळख पटणे हाच संरक्षणाचा पहिला उपाय होय.

लक्षणे

रोगट वेलाच्या पानांवर फिकट व गर्द हिरव्या रंगांचे चट्टे एकमेकांत मिसळलेले दिसतात. काही पाने अरुंद व सुरकुतलेली होतात, वेल खुजा राहतो आणि कंद नीट पोसत नाही. मात्र पानावरील प्रत्येक डाग विषाणूचा नसतो. करपा हा बुरशीजन्य रोग असून त्यात काळपट डाग पडून पाने व शेंडे वाळतात. मॅग्नेशियमच्या कमतरतेत प्रथम जुनी पाने शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडतात. उलट, विषाणूचे चट्टे कोवळ्या पानांवरही उमटतात.

विषाणू व त्यांचे वाहक

या पिकांवरील ‘याम मोझेइक’ विषाणूचे वर्णन १९७९ साली आयव्हरी कोस्टमधून प्रसिद्ध झाले. त्याच पोटीव्हायरस गटातील ‘सौम्य मोझेइक’ विषाणू कोनफळावर आढळतो. या गटाचा प्रसार मावा करतो. रोगट पानाचा रस अल्पकाळ शोषूनही तो विषाणू दुसऱ्या वेलावर नेऊ शकतो. बॅडनाव्हायरस हा दुसरा गट असून त्याचा प्रसार पिठ्या ढेकणामार्फत होतो. सुरण व अळू यांवर ‘दाशीन मोझेइक’ विषाणू येतो.

प्रयोगशाळेतील तपासणी

लागण झालेले काही वेल वरकरणी निरोगी दिसतात. अशा वेळी प्रयोगशाळेचा आधार घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पोटीव्हायरस लवचीक धाग्यासारखा, तर बॅडनाव्हायरस आखूड दांडीसारखा दिसतो. एलायझा चाचणीत विषाणूच्या प्रथिनाचा, तर पीसीआर चाचणीत त्याच्या जनुकीय द्रव्याचा शोध घेतला जातो. तथापि बॅडनाव्हायरसचे काही अंश वनस्पतीच्या स्वतःच्या गुणसूत्रांतच सामावलेले असू शकतात; म्हणून केवळ पीसीआरच्या होकारावरून रोगाचा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. कंदपिकांवरील रोगांचा अभ्यास १९६३ साली स्थापन झालेल्या तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेत केला जातो.

गावपातळीवरील कार्य

कंद काढणीस येतात तेव्हा पाने वाळून गेलेली असतात आणि केवळ कंद पाहून रोग ओळखणे कठीण असते. यास्तव बेण्याची निवड काढणीच्या वेळी न करता वेल हिरवे असताना, श्रावण-भाद्रपदातच करावी. निरोगी व जोमदार वेलांना खूण बांधून त्यांचेच कंद बेण्यासाठी राखावेत. रोगट वेलांचे कंद, तसेच करांद्याच्या वेलावर लागणारे कंद, लावणीसाठी ठेवू नयेत. शंकास्पद वेलांबाबत कृषी विभागाचे कर्मचारी किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील तज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा. शाळेच्या बागेत शिक्षकांनी ही पारख विद्यार्थ्यांना शिकविल्यास आणि ग्रामपंचायतींनी निरोगी बेण्याच्या देवघेवीस उत्तेजन दिल्यास परड्यातील हे जुने धन पुढील पिढीच्या हाती सुदृढ राहील.