एक पडदा, दोन डोळे

(संगणकाच्या पडद्यासाठी बनवलेला साधा खेळ डोळ्यांवर लावायच्या हेडसेटमध्ये खेळता यावा, म्हणून खास सॉफ्टवेअर वापरतात. ते कसे काम करते आणि अडले तर दोष कसा शोधायचा, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, आधी एक छोटा प्रयोग करा. उजव्या हाताचे एक बोट नाकासमोर एक वीत अंतरावर धरा. आता डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याने बोटाकडे पाहा. मग उजवा मिटून डाव्याने पाहा. बोट एकदा इकडे, एकदा तिकडे सरकल्यासारखे दिसते ना? बोट तर हलले नाही! मग असे का होते? आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण सहा सेंटिमीटरचे अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला दिसणारे चित्र थोडे वेगळे असते. मेंदू ही दोन्ही चित्रे एकत्र करतो आणि त्यांच्यातील फरकावरून कोणती वस्तू जवळ व कोणती दूर हे ओळखतो.

ही गोष्ट विद्वानांना फार पूर्वीपासून विचार करायला लावत आली आहे. बसरा शहरात जन्मलेल्या इब्न अल्-हैसम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी 'किताबुल मनाझिर' हा ग्रंथ लिहिला. दोन डोळ्यांनी पाहिले तरी वस्तू एकच का दिसते आणि कधीकधी दोन का दिसतात, याचा विचार त्यांनी त्यात केला आहे. पुढे १८३८ साली इंग्लंडमधील चार्ल्स व्हीटस्टन यांनी एक यंत्र लोकांपुढे मांडले. त्यात दोन आरसे होते. दोन डोळ्यांना दोन वेगवेगळी चित्रे दिसत आणि कागदावरच्या सपाट रेषा उठून उभ्या राहिल्यासारख्या वाटत.

आजचा हेडसेट हा त्याच यंत्राचा वंशज आहे. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर लावायचे असे यंत्र बनवले, पण ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. २०१६ साली ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह हे हेडसेट बाजारात आले, तेव्हापासून ही वस्तू घराघरांत जाऊ लागली. हेडसेट दोन कामे करतो. प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र दाखवतो आणि आपण मान वळवली की चित्रही वळवतो.

आता अडचण कोठे येते ते पाहा. संगणकावरचे बहुतेक खेळ टेबलावरच्या पडद्यासाठी बनवलेले असतात. असा खेळ एका वेळी एकच चित्र काढतो. खेळणाऱ्याला दोन डोळे आहेत, हे त्याला ठाऊकच नसते. मान वळवणे त्याला कळत नाही, त्याला फक्त माउस कळतो. म्हणजे खेळ एक भाषा बोलतो आणि हेडसेट दुसरी. मग दोघांचे जमायचे कसे? त्यासाठी एक दुभाषी लागतो. उर्दूत आपण ज्याला तर्जुमान म्हणतो, तोच हा दुभाषी.

२०१३ साली निघालेले 'व्होर्पएक्स' हे असेच एक दुभाषी सॉफ्टवेअर आहे. खेळ चित्र काढायचा हुकूम ग्राफिक्स कार्डाला देतो. हा हुकूम विंडोजमधील 'डायरेक्टएक्स' नावाच्या वाटेने जातो. दुभाषी त्या वाटेवर मध्येच उभा राहतो, हुकूम ऐकतो आणि एकाच्या जागी दोन चित्रे काढून घेतो, एक डाव्या डोळ्याच्या जागेवरून, दुसरे उजव्या. मान वळली की तो खेळाला सांगतो, "माउस सरकला."

दोन चित्रे मिळवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत सगळे दृश्य खरोखर दोनदा काढले जाते. ते उत्तम दिसते, पण संगणकाचे काम जवळजवळ दुप्पट होते. दुसऱ्या रीतीत चित्र एकदाच काढतात. चित्रातला प्रत्येक ठिपका किती दूर आहे याचा हिशेब खेळाकडे असतोच. त्या हिशेबावरून ठिपके थोडे डावी-उजवीकडे सरकवून दुसरे चित्र तयार करतात. ही रीत स्वस्त आहे. मात्र खांबामागे जे लपले आहे ते मूळ चित्रात नसते, ते अंदाजाने भरावे लागते. म्हणून जवळच्या वस्तूंच्या कडा पाण्यासारख्या थरथरतात. कडा थरथरू लागल्या की संगणक बिघडला असे समजू नका, ही त्या रीतीचीच खोड आहे.

अलीकडे 'यूईव्हीआर' नावाचे एक मोफत सॉफ्टवेअरही निघाले आहे. ते फक्त अनरिअल इंजिनवर बनलेल्या खेळांसाठी आहे. त्या इंजिनात दोन चित्रे काढण्याची सोय आधीपासून असते. खेळ बनवणाऱ्यांनी ती वापरलेली नसली, तरी हे सॉफ्टवेअर ती जागी करते.

आता समजा, सगळे जोडले आणि हेडसेटमध्ये काळोखच दिसला. तुमचा मोठा भाऊ म्हणेल, "सगळे पुसून टाकू आणि पुन्हा बसवू." त्याला सांगा, "भाईजान, जरा थांबा." मालेगाव-भिवंडीच्या मुलांना हे समजावून सांगायला नको. माग थांबला तर कारागीर सगळा माग उघडून बसत नाही. धागा कोठे तुटला, ते आधी पाहतो. येथेही तसेच करायचे.

प्रथम दुभाष्याला बाजूला ठेवा. खेळ एकटा, साध्या पडद्यावर नीट चालतो का? मग हेडसेट एकटा, त्याच्यासाठीच बनवलेल्या एखाद्या छोट्या कार्यक्रमात नीट चालतो का? दोन्ही उत्तरे 'होय' आली, तरच दोष दुभाष्याकडे आहे. बऱ्याचदा येथेच उलगडा होतो. केबल सैल असते, किंवा लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात आणि खेळ दुबळ्या चिपवर चालत असतो.

दोष दुभाष्याकडेच असेल, तर पाहा की त्या वाटेवर आणखी कोणी उभे आहे का. खेळाच्या चित्रावर गप्पांची खिडकी दाखवणारे, चित्रीकरण करणारे किंवा वेगाचे आकडे दाखवणारे कार्यक्रमही त्याच वाटेवर मध्ये उभे राहतात. एका सभेत तीन दुभाषी एकदम बोलू लागले तर काय होईल? ते कार्यक्रम एकेक करून बंद करा. दुसरे कारण अधिकाराचे असते. खेळ विंडोजमध्ये 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून चालत असेल आणि दुभाषी साध्या अधिकाराने, तर त्याला आत प्रवेशच मिळत नाही.

येथे दोन गोष्टींची ताकीद देतो. व्हायरस रोखणाऱ्या सॉफ्टवेअरला अशा दुभाष्याचा संशय येतो, कारण दुसऱ्याच्या कामात शिरणे हे व्हायरसचेही लक्षण आहे. पुष्कळ जण सांगतात, "तो पहारेकरीच बंद करून टाका." तसे करू नका. सॉफ्टवेअर मूळ ठिकाणाहून घेतले असेल, तर घरातल्या जाणत्या माणसाला विचारून तेवढ्या एकाच फाइलला सूट द्या. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. इतरांबरोबर ऑनलाइन खेळायच्या अनेक खेळांत लबाडी पकडणारा पहारेकरी बसवलेला असतो. आत शिरलेला दुभाषी तुमच्या मदतीसाठी आला आहे की लबाडीसाठी, हे तो विचारत बसत नाही. खाते कायमचे बंद होऊ शकते. अब्बांनी पैसे भरून घेतलेले खेळ त्या एका क्षणात हातचे जातात. म्हणून दुभाषी फक्त एकट्याने खेळायच्या खेळातच वापरावा.

चित्र दिसू लागले म्हणजे काम झाले असे नाही. खरी कसोटी पुढेच असते. खेळात एखाद्या खांबासमोर उभे राहा आणि मान हळूहळू डावीकडे-उजवीकडे वळवा. खांब आपल्या जागी राहिला तर उत्तम. तो तुमच्याबरोबर घसरत असेल किंवा मागे पळत असेल, तर त्याची बहुधा दोन कारणे असतात. एक म्हणजे माउसचा वेग. मान पाव वळण फिरली, पण खेळातली नजर त्याहून कमी-जास्त फिरली, की जग सरकते. माउसचा वेग थोडा थोडा बदलून पुन्हा खांब पाहावा.

दुसरे कारण दृष्टीच्या कोनाचे. हे नीट समजून घ्या. टेबलावरचा पडदा ही जणू एक लहान खिडकी आहे, म्हणून पुष्कळ खेळ ६० ते ९० अंशांच्या कोनातलेच दृश्य काढतात. हेडसेट मात्र डोळ्यांसमोर साधारण १०० अंश व्यापतो. ६५ अंशांचे चित्र १०० अंशांवर ताणले, तर काय होईल? दुर्बिणीतून पाहिल्यासारखे सगळे मोठे आणि जवळ दिसेल. माणसे राक्षसासारखी वाटतील आणि मान वळवताच जग डोलू लागेल. असे असताना चित्राची खोली वाढव, रंग बदल, असे करून काही उपयोग नाही. खेळाच्या सेटिंगमध्ये हा कोन वाढवावा. तेथे सोय नसेल, तर काही खेळांच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तो आकडा सापडतो. माझ्या मते अर्ध्याहून अधिक तक्रारींचे मूळ या एका आकड्यात असते, आणि लोक मात्र आधी महागडे कार्ड विकत घ्यायला धावतात.

चित्र अडखळत असेल, तर प्रश्न वेगाचा आहे. हेडसेट सेकंदाला ९० चित्रे दाखवत असेल, तर प्रत्येक वेळी दोन्ही डोळ्यांची चित्रे मिळून सुमारे ११ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवीत. म्हणून खेळातील सजावट कमी करावी. सावल्या हलक्या कराव्यात, हालचालीतला धूसरपणा बंद करावा. सावल्या आणि पाण्यातली प्रतिबिंबे यांची आणखी एक खोड असते. कधी कधी ती एकाच डोळ्याला दिसतात आणि डोळे चटकन थकतात. तेव्हा ती बंद केलेलीच बरी.

पण वेग वाढवला की नेहमी भलेच होते, असेही नाही. २०११ साली 'स्कायरिम' नावाचा खेळ निघाला. (तो मोठ्यांचा खेळ आहे, तुमच्यासाठी नव्हे.) त्या मूळ खेळात वस्तूंच्या हालचालींचा हिशेब सेकंदाला ६० चित्रे धरून केलेला होता. वेग त्याच्या पुढे गेला, की टेबलावरच्या वाट्या-ताटल्या आपोआप उडू लागत! दोष ना हेडसेटचा, ना दुभाष्याचा. तेथे वेगाला ६० वर लगाम घालणे हाच उपाय होता.

शोध घेताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदलले ते वहीत लिहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि खेळ सुरू झाला, तर कशामुळे झाला हे कधीच कळणार नाही. आणि एक लक्षात ठेवा. तपासणी करताना मळमळले, घाम आला किंवा डोके जड झाले, तर हेडसेट लगेच काढा. सवय होईल म्हणून दात ओठ खाऊन बसू नका. डोळे सांगतात, 'आपण चालत आहोत' आणि कान-मेंदू सांगतात, 'आपण बसलो आहोत', या भांडणातून ती मळमळ येते. हेडसेट बनवणाऱ्या कंपन्या वयाची मर्यादा लिहून देतात, तीही पाहून घ्या.

काही खेळांना हा वेष शोभतच नाही. आकाशातून शहर पाहायचे, सैन्य हलवायचे, असे खेळ हेडसेटमध्ये चित्रपटगृहाच्या मोठ्या पडद्यासारखे समोर ठेवून खेळावेत. व्होर्पएक्समध्ये तशी सोय आहे. त्यात मान वळवली की माउस हलत नाही, फक्त तुम्ही पडद्याकडे किंवा बाजूला पाहता. मळमळही कमी होते.

आणि कधी असेही होते, की काल रात्री सुरळीत चाललेला खेळ आज सकाळी चालत नाही. तुम्ही काहीच बदललेले नसते. रात्रीतून खेळाची नवी आवृत्ती आपोआप उतरलेली असते आणि हुकूम जाण्याची वाट थोडी बदललेली असते. दुभाषी जुन्याच वळणावर उभा असतो. अशा वेळी त्याची नवी आवृत्ती निघेपर्यंत तो खेळ साध्या पडद्यावर खेळावा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तर लिहा : हेडसेट कोणती दोन कामे करतो?
२. कारण सांगा : व्हायरस रोखणाऱ्या सॉफ्टवेअरला दुभाष्याचा संशय येतो.
३. खेळातील माणसे राक्षसासारखी मोठी दिसत असतील, तर तुम्ही प्रथम काय तपासाल? चार-पाच वाक्यांत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : लगाम घालणे, उलगडा होणे, हातचे जाणे.
५. तुमच्या घरातील एखादी वस्तू बंद पडली, तर दोष कसा शोधाल, ते क्रमाने वर्गात सांगा.