लिंबूटिंबू कोणाला व्हायचे आहे?

उन्हाळ्याच्या सुटीत रिसोडला आमच्या ओसरीवर पाच-तीन-दोनचा डाव रंगे. पत्ते 30, खेळणारे तिघे. ज्याच्यावर पाच हातांचे ओझे, त्यालाच पहिली पाच पाने पाहून हुकूम बोलण्याचा मान. पुढच्या डावाला ते ओझे दुसऱ्याकडे. धाकटी बहीण बसली की मात्र तिला 'लिंबूटिंबू' ठरवून तिचे हात आम्ही मोजतच नसू. एके दिवशी ती पाने टाकून उठली, ती पुन्हा बसलीच नाही.

हे आठवण्याचे कारण असे. गतवर्षी मी संगणकावर पत्त्यांचा एक खेळ रचला. मोजक्या पानांनिशी निघायचे, वाटेत नवी पाने जोडायची, हरलात की पुन्हा श्रीगणेशा! आरंभीच मी विचारले होते : सोपे, मध्यम की कठीण? वर्गमित्रांनी एकजात 'कठीण' निवडले, तीनदा हरले आणि खेळ बंद केला. दोष मी त्यांना दिला. वास्तविक तो माझा होता. ज्याने खेळ पाहिलाच नाही, त्याने काठिण्य कशावरून ठरवावे? आणि चारचौघांत 'सोपे' कोण म्हणेल?

याच जातीच्या 'स्ले द स्पायर'मध्ये (2019) हा प्रश्नच नाही. आरंभ सर्वांचा एकाच पातळीवर. एकदा जिंकलात की 'असेन्शन'ची पहिली पायरी उघडते. अशा 20 पायऱ्या, प्रत्येकीवर नवी अडचण. खाली उतरणारी पायरी नाही, म्हणून कमीपणाही नाही. (मूळ पातळीही सोपी नाही, हे स्वानुभवाने सांगतो!)

मीही तो प्रश्न काढून टाकला. मूळ पातळी कोणासाठी बेतावी, एवढेच उरले. बहिणीला बोलावले. पाचव्या डावाला ती जिंकली, आणि आरंभीचे आकडे मी तेथेच कायम केले.