बालकाची वांती : डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

तंजावरचे राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्य या दोन्ही वैद्यकांचा अभ्यास चाले आणि रोग्यांची टिपणे ठेवली जात. वांती करणाऱ्या बालकाच्या उशाशीही औषधापूर्वी असेच टिपण हवे : वांती किती वेळा झाली, कोणत्या रंगाची होती, आणि शेवटची लघवी केव्हा झाली?

वांती हा स्वतंत्र रोग नव्हे. ते लक्षण होय. बहुधा आतड्यांच्या विषाणुजन्य विकारामुळे ती होते आणि एकदोन दिवसांत थांबते. खरे भय असते ते शरीरातील पाणी व क्षार घटण्याचे. लहान देहात पाण्याचा साठा थोडा. त्यात कावेरीकाठच्या उन्हाळ्यात घामाची भर पडते. सहा ते आठ तास लघवी न होणे, रडताना अश्रू न येणे, तोंड कोरडे पडणे, डोळे किंवा तान्ह्याची टाळू खोल जाणे, ही त्या घटीची चिन्हे होत. मूल सुस्त होऊन हाकेला ओ देईनासे झाले, तर क्षणाचाही विलंब करू नये.

रंगाकडे विशेष लक्ष द्यावे. हिरवी वांती म्हणजे पित्त. आतड्याचा मार्ग अडल्याचा तो इशारा असू शकतो, आणि नवजात अर्भकात तर हमखास तसेच समजून निघावे. रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा पदार्थ पडल्यास (तंजावरच्या घरात हा चोथा ओळखीचाच!) तेच करावे. डोक्याला मार लागल्यानंतरची वांती, ताठलेली मान, पोटात असह्य कळ, विषारी पदार्थ पोटात गेल्याची शंका, किंवा तीन महिन्यांखालील बालकाची वारंवार वांती, यांतही घरगुती उपाय करीत बसू नये.

एरवी क्षार-शर्करेचे पाणी द्यावे. शर्करेच्या सोबतीने क्षार आतड्याच्या भित्तीतून आत शिरतात व त्यांच्यामागून पाणी जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच द्रावणाने पटकीचे असंख्य रोगी वाचविले. पुडीवर सांगितले असेल तितक्याच पाण्यात ती विरघळवावी आणि दर एकदोन मिनिटांनी एक चमचा पाजावे. पेलाभर एकदम दिल्यास ते उलटून पडते. वांती झालीच, तर दहा मिनिटे थांबून पुन्हा अधिक सावकाश आरंभ करावा. अंगावरचे दूध तोडू नये. वांती थांबविण्याचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

चमचाभर पाणीही टिकेनासे झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, आणि निघताना ते टिपण बरोबर घ्यावे.