साइटवर चांगली आहेस म्हणून

मुलुंड पश्चिम

सोनू,

परवा तुझी आई फोनवर म्हणाली, ऑफिसात बिमच्या, म्हणजे इमारतीचं मॉडेल संगणकावर उभं करणाऱ्या टीमसाठी नावं मागवली होती आणि तू दिलं नाहीस. साहेब म्हणाले, ‘तू साइटवरच चांगली आहेस’, आणि तुला ते कौतुक वाटलं. मला त्या रात्री झोप आली नाही.

असंच वाक्य मी १९९६ साली ऐकलंय. घाटकोपरच्या एका साइटवर सुपरवायझर होतो. ऑफिसातले ड्रॉइंग बोर्ड निघाले, ऑटोकॅड आलं, शिकायला तिघांना बसवलं. मी विचारलं, तर उत्तर आलं, ‘तुम्हा लोकांना दगडमातीचं उपजतच कळतं, तू बाहेरचं बघ.’ मी मान डोलावली. पुढं त्या तिघांच्या सहीची ड्रॉइंगं माझ्याकडं येत राहिली आणि निवृत्त होईपर्यंत मी उन्हात ओळंबा धरून उभा राहिलो. माझी ती चूक तू करू नकोस.

तुझे आजोबा अंधेरीला गिल्बर्ट हिलजवळच्या खाणीत घण मारायचे. २०० फुटांचा तो काळा सुळका उरला, भोवतालचा दगड शहराच्या पायात गेला. आजीनं जात्यांना टाकी लावत बोरिवलीच्या चाळी पालथ्या घातल्या. आज नॅशनल पार्कच्या पोटातून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे ४.७ किलोमीटरचे दोन बोगदे व्हायचेत. काम दगडाचंच आहे, फोडायला मात्र यंत्र येतं आणि त्याचा हिशेब पडद्यावर चालतो. त्या पडद्यासमोर वडाराची पोर बसलेली मला बघायचीय.

आणि तुझ्याकडं जे आहे ते त्या टीमला हवंच आहे. घाटकोपरला सांडपाण्याचा पाइप बीममधून जातोय हे आम्हाला स्लॅब भरल्यावर कळलं; बीमला कोअर कटिंग करावं लागलं, तो आवाज अजून कानात आहे. आता रेव्हिट सॉफ्टवेअरमधली मॉडेलं नेव्हिसवर्क्समध्ये एकत्र आणली की अशी टक्कर आधीच दिसते. पण कॉलम-बीमच्या जोडावर सळयांची दाटी केली, तर व्हायब्रेटरची सुई कुठून उतरणार? हे ज्यानं शटरिंगवर उभं राहून कधी काँक्रीट भरून घेतलं नाही, त्याला सुचत नाही. तुला सुचेल. तेव्हा नुसती बटणं शिकू नकोस; रेव्हिट शीक, आणि प्रत्येक जोडाला हा प्रश्न विचार.

खर्चाकडंही लक्ष दे. नागपूर मेट्रोनं फाइव्ह-डी बिम वापरलं, म्हणजे आराखड्याला वेळापत्रक आणि पैसा दोन्ही जोडलेले. ज्याला मॉडेल वाचता येतं, त्याला ठेकेदाराचं बिलही वाचता येतं. बढती तिथं ठरते, हे मी फार उशिरा पाहिलं.

संध्याकाळच्या क्लासची फी मी भरतो, त्यावर वाद नको. तुझा धाकटा भाऊ अजून डिप्लोमाला आहे, त्याला विद्यार्थी म्हणून रेव्हिट फुकट मिळतं. आजच नोंदणी करायला सांग. चोरीचं सॉफ्टवेअर मात्र दोघांनीही घेऊ नका.

अजून एक, जरा मनाला लागेल असं. ऑफिसात आईचा फोन आला की तू जिन्यात जातेस म्हणे, वडारी कुणाच्या कानावर पडू नये म्हणून. अगं, त्याच भाषेच्या जोरावर मी महबूबनगरच्या मजुरांचं तेलुगू समजून घ्यायचो. सेंटरिंगचा टेकू हलतोय, हे त्यांच्या बोलण्यातून इंजिनिअरच्या आधी मला कळायचं. दाखल्यावर विमुक्त जाती लिहिलंय, ते लपवून तुला काय मिळणार?

सोमवारी मागाठाण्याहून मेट्रोत बसलीस की गुंदवली येईपर्यंत मेल लिहून टाक: बिमच्या टीममध्ये माझं नाव घ्या. तोंडी सांगू नकोस, तोंडी सांगितलेलं माझं हवेत विरलं. मेल गेला की मला फोन कर. टेबलावर बसूनच कर, आणि आपल्या भाषेत.

तुझा,
मामा