हिशेबाचा कारकून ठेवताना: पगार किती, काम कोणतं

दुकान वाढलं की हिशेबाला पूर्णवेळ माणूस लागतो. त्याचा खर्च काढताना नुसता पगाराचा आकडा धरू नका. समजा, मूळ पगार 15,000 रुपये ठरला. तुमच्याकडे 20 किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ आलाच. विमा आणि प्रशासकीय खर्चासकट मालकाचा वाटा 13 टक्के, म्हणजे 1,950 रुपये. ईएसआय लागू असेल तर 3.25 टक्क्यांनी आणखी 488. झाले 17,438, बोनस वेगळा. व्यवसाय कर मात्र पगारातूनच कापायचा; महाराष्ट्रात 25,000पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. बिलं मोजकी असतील, तर आठवड्यातून दोन दिवस येणारा माणूसही पुरतो.

रोजची कामं ठरलेली: खरेदी-विक्रीची नोंद, रोजमेळ, उधारीची यादी, बँकेशी मेळ, 7 तारखेच्या आत टीडीएसचा भरणा. पण माझ्या मते पगार वसूल होतो तो 14 ते 20 तारखेच्या दरम्यान. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांचं जीएसटीआर-2बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) 14 तारखेला तयार होतं आणि 3बी 20च्या आत भरायचं असतं. मधल्या दिवसांत एकेक खरेदी-बिल 2बीशी ताडून पाहायला हवं. पुरवठादाराने बिल दाखवलंच नसेल, तर 1,00,000 रुपयांच्या मालावर त्याला दिलेला 18,000 रुपयांचा कर त्या महिन्यात वजा मिळत नाही. तेवढी रक्कम तुम्हालाच पुन्हा भरावी लागते. चांगला कारकून यादी हातात पडताच पुरवठादाराला फोन लावतो. विवरणपत्राला उशीर झाला, तर रोजचे 50 रुपये विलंब शुल्क आहेच.

बी.कॉम. आणि टॅली येणं पुरेसं आहे; एम.कॉम.चा आग्रह नको. प्रमाणपत्रं बघण्यापेक्षा मुलाखतीत खरी बिलं समोर ठेवा. त्यांत गोव्याहून महाराष्ट्रात आलेल्या मालाचं, 30ने सुरू होणाऱ्या जीएसटी क्रमांकाचं एक बिल घाला, ज्यावर 18 टक्के आयजीएसटीऐवजी सीजीएसटी आणि एसजीएसटी 9-9 टक्के लावलेत. उमेदवार तिथे थबकला, तर त्याला हजार-दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही.

गल्ला आणि रोजमेळ एकाच माणसाकडे देऊ नका. जीएसटी आणि बँकेचा ओटीपी तुमच्याच मोबाइलवर यायला हवा. नोकरी सोडायची तर महिनाभर आधी सांगायचं आणि बँकेचा मेळ पुरा करून द्यायचा, हे नेमणूकपत्रातच लिहून घ्या.