बिनतारी संदेश आणि पुनरुच्चार

भोपाळच्या राजा भोज विमानतळावरील मुख्य धावपट्टीच्या दोन टोकांना १२ व ३० असे क्रमांक आहेत. हे क्रमांक होकायंत्रावरील दिशांचे, म्हणजे १२० व ३०० अंशांचे, निदर्शक होत. पट्टी एकच, परंतु दिशा परस्परविरुद्ध. नियंत्रकाने एक क्रमांक सांगितला व वैमानिकाने दुसरा ऐकला, तर काय ओढवेल हे निराळे सांगावयास नको. म्हणूनच धावपट्टीचा क्रमांक, उंची व परवानगी यांचा वैमानिकाने पुनरुच्चार करावा आणि नियंत्रकाने तो पडताळून पाहावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. केवळ ‘रॉजर’ म्हणणे पुरेसे नाही. त्या शब्दाचा अर्थ ‘संदेश मिळाला’ एवढाच आहे.

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळून ५८३ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. एका विमानाने उड्डाणाची धाव सुरू केली होती. नियंत्रकाचा समज मात्र ते परवानगीसाठी थांबले आहे, असा झाला. त्याच क्षणी दोन संदेश एकाच वेळी प्रक्षेपित झाल्याने इशारा स्पष्ट ऐकू गेला नाही. पुढे ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना वा ती रद्द करतानाच वापरावा, असा दंडक घालण्यात आला.

आपल्या देशात १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे सौदी व कझाक विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जण दगावले. कझाक विमानास १५,००० फुटांवर, तर सौदी विमानास १४,००० फुटांवर राहण्याची सूचना होती. समोरून विमान येत असल्याचेही कझाक विमानास कळविले होते. तरीही ते नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत त्या चालकवर्गाचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान हेही एक कारण म्हणून पुढे आले. यावरून उघड होते की, पुनरुच्चारामागे आकलन नसेल, तर तो निष्फळ ठरतो.

आकड्यांबाबत विशेष दक्षता हवी. विमानसंदेशात आकडे सुटे उच्चारतात. ‘नाइन’ऐवजी ‘नायनर’ म्हणतात. मराठीतही ‘एकोणसाठ’ व ‘एकोणसत्तर’ यांची ऐकताना गल्लत होते. पूरनियंत्रण कक्षातून दूरध्वनीवर पाणीपातळी कळविताना ‘पाच, नऊ’ असे म्हणावे, ऐकणाऱ्याकडून ते वदवून घ्यावे, आणि मगच संदेश पूर्ण झाला असे समजावे.